कप्तानाचा एक शब्द

धायरी, ४ फेब्रुवारी २०२५

ती. वासंती आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून सविस्तर लिहिते. मी ठीक आहे. डावी कॉलरबोन मोडली आहे. उजवा हात शाबूत, त्यामुळे पत्रातून सुटका नाही.

रविवारी राज्य संघाच्या निवडीची शर्यत होती. दिवेघाटाच्या पायथ्याशी वळणावर वाळू पसरलेली. पुढच्या मुलीचं चाक घसरलं, मी तिच्यावर आदळले आणि खांद्यात कटकन वाजलं. आमच्या संघाचा नियम तुला मागे सांगितला होता. कप्तान पडली की बाकीच्यांनी थांबायचं, तिला आपल्या मागे वाऱ्याच्या आडोशाला घ्यायचं आणि पुढच्या घोळक्यात परत नेऊन सोडायचं. कप्तान स्वतः ‘जा’ म्हणाली तरच निघायचं. हे पटत नसेल त्यांनी कॅरम खेळावा, असं आमचे प्रशिक्षक दिगंबर सर म्हणतात. यंदा कप्तान मी.

आमच्यापैकी अर्शिया तेवढी जवळ होती. दिवाळीत तुझ्या चकल्यांचा डबा रिकामा करून गेली, तीच. ती थांबली. मी दोनदा सायकल उचलून बसायला बघितलं, जमलं नाही. तेवढ्यात पुढच्या मुली घाट चढून गेल्या आणि तिची निवड हुकली. तेवीस वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष होतं. मला अजून एक आहे.

सगळे तिचं कौतुक करतायत, आणि ती आहेच तशी, सोन्यासारखी. तिचे अब्बा, गुलजारचाचा, दवाखान्यात येऊन म्हणाले की पोरगी मैत्रिणीला टाकून गेली नाही, याचाच त्यांना अभिमान आहे. मला त्यांच्याकडे बघवेना.

लोभ असावा, आणि त्याच्याबरोबर चकल्याही.
तुझी प्रियदर्शनी

मांजरी, १० फेब्रुवारी

चि. प्रियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. धायरीहून मांजरीला यायला त्याने बरेच दिवस घेतले. टपालखात्यालाही वाटेत कोणासाठी तरी थांबावं लागलं असेल.

हाड मोडल्याचं वाईट वाटलं. दूध पी, आणि तुझ्या आईला सांग की तिच्या रडण्याने ते लवकर जुळणार नाही. आता माझी शंका. सायकलच्या शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण खांद्यात कटकन वाजलं हे तूच लिहिलं आहेस. सातवीत मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांच्या आधी तूच आम्हाला सांगितलं होतंस, मोडलंय म्हणून. मग या वेळी दोन-दोनदा सायकल कशासाठी उचललीस?

अर्शियाचं इतकं कौतुक लिहिलं आहेस की वाचून मला काळजीच वाटली. माझ्या भावाची मुलगी एवढी गोड कधी बोलते ते मला ठाऊक आहे.

तब्येतीला जप आणि खरं काय ते लिही. लोभ आहे, तो खरं ऐकून कमी व्हायचा नाही.
वासंती आत्या

धायरी, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा राग आला. पत्र तसंच कपाटात टाकलं होतं. पण तू विचारलंस ते बरोबर आहे.

मला माहीत होतं, आत्या. पडल्या क्षणीच कळलं होतं. डाव्या हाताने हँडल धरताच येत नव्हतं. अर्शिया समोर एक पाय टेकून उभी होती. घाटात पुढच्या मुलींच्या रंगीत जर्सी दिसत होत्या, फार लांब नव्हत्या. चढावर आमच्यात तिच्यासारखी कोणी नाही. तिने त्यांना गाठलं असतं. मी फक्त ‘जा’ म्हणायचं होतं.

दुखण्यात सुचलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. सुचलं होतं. शब्द तोंडात आला होता आणि मी तो गिळला. मी नसताना ती निवडली गेली, तर आमच्या संघाला माझी फारशी गरज नव्हती हे सगळ्यांना दिसलं असतं. दुसऱ्यांदा सायकल उचलली ती निव्वळ तिला दाखवायला, की थांब, मी निघतेच आहे.

ती रोज संध्याकाळी भवानी पेठेतून इथवर येते. एका हाताने मला वेणी घालता येत नाही, म्हणून घालून देते. मी मान खाली घालून बसते. मला माझी शरम वाटते गं.

लोभ ठेवशील का, हे या खेपेला खरंच विचारते आहे.
प्रिया

मांजरी, २१ फेब्रुवारी

चि. प्रियास,
आशीर्वाद.

मला लिहून तू मोकळी झालीस. जिचं नुकसान झालं ती मात्र अजून तुझी वेणी घालते आहे. मी तुला माफ करून काय होणार? मी कुठे त्या घाटात होते?

तिला सांग. तोंडाने जमत नसेल तर लिही. आणि कप्तानपद सोडते वगैरे नाटकं त्यात नकोत. तिचं वर्ष गेलं ते गेलं.

रागावले आहे. लोभ त्याखालीच आहे, शोधलास तर सापडेल.
आत्या

भवानी पेठ, २ मार्च

प्रियदर्शनीस,
सलाम.

तुझं पत्र टपालाने आलं तेव्हा अम्मीला वाटलं, तुझ्या लग्नाची पत्रिकाच आली. मी वाचलं आणि त्या दिवसापासून तुझ्याकडे आले नाही. ताप आल्याचा निरोप दिला तो खोटा होता.

तू लिहिलंस ते मला ठाऊक होतं. तुझ्या जर्सीखाली हाड वर आलेलं मला दिसलं होतं. तू तो घाट चढणार नाहीस हे तुझ्याइतकंच मलाही कळलं होतं. मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते. आता म्हणेल, आता म्हणेल.

लोक मला शाबासकी देतात की मी थांबले. मी थांबले नव्हते, प्रिया. मी परवानगीची वाट बघत होते. तू ‘जा’ म्हणाली असतीस तर तुला तिथेच वाळूत टाकून सुटले असते. मागे वळूनही बघितलं नसतं. शर्यत हातची गेली, पण निदान मी चांगली ठरले, एवढंच मला उरलं होतं. तुझ्या पत्राने तेही राहिलं नाही. राग आला तो याचा. तू कबूल केल्यावर मला गप्प बसता येईना.

परवा अब्बांना सगळं सांगितलं, तुझंही आणि माझंही. ते जेवत होते. ताट अर्धवट टाकून हात धुवून उठले. इतके दिवस ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माझी गोष्ट सांगायचे, कोणी विचारो न विचारो. आज मी दुकानात असताना एका गिऱ्हाइकाने आपणहून विचारलं, मुलीच्या शर्यतीचं काय झालं. अब्बांनी सांगितलं, हरली.

लोभाचं आज काही लिहीत नाही.
अर्शिया