किल्ली राष्ट्रीय अध्यक्षांकडे आहे

१ जानेवारी, पहाटे
पाचला उठले. हे झोपलेलेच. अखिल भारतीय महिला शिस्त परिषदेची राष्ट्रीय अध्यक्षा म्हणून माझे हे पहिले पूर्ण वर्ष. निवड गेल्या दिवाळीत एकमताने झाली. सभेला मी आणि सरचिटणीस मोनिका होतो. मोनिका शेजारी ब्युटी पार्लर चालवते. शिस्त बेताची, पण मोबाईलवर टायपिंग चांगले. शाखा तीन राज्यांत. महाराष्ट्र आम्हीच. गुजरातची जबाबदारी माझी भाची दीपा हिच्याकडे (सुरत), मध्य प्रदेशाची दीपाच्या जावेकडे (इंदूर. तिला अजून कळवायचे आहे). हे सगळे लिहून ठेवते, पुढे इतिहासाला लागेल.
संकल्प: दौरे वेळेवर करणे. कमी बोलणे. यांच्या बोलण्याकडे अजिबात लक्ष न देणे.

९ जानेवारी, बाजारचा दिवस
सरपंच सुकन्या घरी आली. माझीच विद्यार्थिनी, सातवी ब, अक्षर वाईट. बाजारतळावरचे महिला स्वच्छतागृह बांधून पूर्ण झाले. श्रेय कोणाचे ते इतिहास ठरवील, पण दोन वर्षे पंचायतीत खेटे मी घातले. शिवाय प्लॅनमध्ये दार मागच्या बाजूला होते, ते मी रस्त्याकडे घ्यायला लावले. राष्ट्रीय कामाने तोंड लपवण्याचे कारण नाही. मागे एक लहान दार सफाईसाठी ठेवले आहे, त्याची किल्ली पंचायतीत असते. तिकडे कोण जाते?
सुकन्या म्हणाली, "बाई, पुढच्या बाजारी नारळ फोडा आन् उघडून टाका. बाया वाट बघत्यात." मी सांगितले, राष्ट्रीय अध्यक्षांचा कार्यक्रम एका नारळावर होत नसतो. कोनशिला, मंडप, पत्रकार, प्रास्ताविक, आभार. तोपर्यंत वापर नाही. पुढच्या दाराला कुलूप लावले, लाल फीत बांधली. किल्ली माझ्या पर्समध्ये. सुकन्या "बरं बाई" म्हणाली. शिस्त शाळेतच लागते.

२६ जानेवारी
अंगणात ध्वजवंदन. उपस्थिती: मी, मोनिका, हे. हे पायजम्यावर उभे राहिले. नोंद घेतली आहे.

३० जानेवारी, बाजार
पाहणी दौरा. स्वच्छतागृहासमोरच रतनबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. मला बघून म्हणाली, "बाई, कवा उघडायचं ह्ये?" मी म्हटले, प्रक्रिया सुरू आहे. "पर्क्रिया हुईल, पर आमाला दम निघंना त्याचं काय?" शेजारची मिरचीवाली फिदीफिदी हसली. मी दोघींना संयमावर थोडक्यात मार्गदर्शन केले. ऐकताना रतनबाई सारखी चुळबुळ करत होती. ग्रामीण भागात श्रवणाची सवय नाही.

१३ फेब्रुवारी
कोनशिला आली. संताप. "जिल्हा अध्यक्षा श्रीमती इंदुमती यांच्या शुभहस्ते" असे कोरले आहे. जिल्हा! कारागिराला फोन केला. तो म्हणतो, "बाई, अखिल भारतीय न राष्ट्रीय दोन्ही दगडात बसंना, म्हनून आटोपतं घेतलं." राष्ट्र आटोपतं घेतलं! मोठा दगड घ्यायला सांगितले आहे. हा परत पाठव, असे सुकन्याला बजावले. लेटरहेडचीही तीच तऱ्हा: सगळ्यांवर 'अहमदनगर' छापलेले. एकेक खोडून 'अहिल्यानगर' लिहीत बसले आहे. हे म्हणाले, "राष्ट्रीय मानसाला जिल्हा कशाला लागतो?" लक्ष दिले नाही.

८ मार्च
जागतिक महिला दिन. निमंत्रणांची वाट पाहिली. रस्ते खराब असल्याने पोचली नसावीत. परिषदेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राष्ट्राला उद्देशून संदेश दिला. मोनिकाने अंगठा दाखवला. दीपाने चुकून रडणारा चेहरा.

२० मार्च
आज उद्घाटन ठरले होते. पुढे ढकलले. दगड तयार आहे, पण पश्चिम विभागाचा दौरा आला: अकोले. तेथील परिस्थितीचा प्रत्यक्ष आढावा घेणे गरजेचे होते. हे म्हणाले, "नणंदेकडं तांदूळ आनायला निघालीस, त्याला दौरा कशाला म्हनतीस?" चाळीस वर्षे एसटीत कंडक्टर होते, त्यांना प्रत्येक गोष्ट तिकिटाएवढीच दिसते. वर म्हणाले, "हाफ तिकीट घे, राष्ट्रीय बाई." बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे म्हणून.

२६ मार्च
दौरा यशस्वी. नणंदेच्या घरी महिला मेळावा (नणंद, तिची सून, दुधाला आलेली एक बाई). भात उत्तम. दोन पोती आणली. पाठ धरली आहे. आठवडाभर विश्रांती.

१७ एप्रिल, बाजार
मंडपवाल्याकडे लग्नाची तारीख, पत्रकार पंकज जत्रेला. उद्घाटन पुढे. रतनबाईने आज हाक मारली नाही. मुसंडी मारून गर्दीतून बाहेर पडली आणि शेतांकडे धावत गेली. गिऱ्हाईक सोडून! अशाने धंदा कसा होणार?

१५ मे, बाजार
कडक ऊन. भर बाजारात रतनबाई भोवळ येऊन पडली. तिसगावच्या दवाखान्यात दाखल. लघवीच्या जागी जोराचा संसर्ग, ताप एकशे तीन. मी तातडीने भेट दिली, केळी नेली. मोनिकाला फोटो काढायला लावला, रतनबाईने तोंड फिरवले.
विचारले, पाणी का पीत नाहीस? ती म्हणाली, "बाजारच्या दिशी थेंब घेत न्हाई बाई. घेतला तर जायाचं कुठं? दिस मावळंस्तवर तसंच बसायचं. त्यात मला शुगर हाय. ह्या शुगरबाईला म्हनावं थांब, ती थांबतीय व्हय?" आणि मग म्हणाली, "किल्ली तुमच्याजवळच हाय न्हवं?"
मी पर्स दुसऱ्या हातात घेतली.

१६ मे
झोप नीट लागली नाही. उकाडा. विचारांती दोन निर्णय. एक: 'राष्ट्रीय पाणी प्या सप्ताह' जाहीर. मूळ प्रश्न पाणी पिण्याच्या शिस्तीचा आहे. दोन: उद्घाटन येत्या बाजारी, काही झाले तरी. पंकज येवो न येवो.

१८ मे
सुरतेहून फोन. दीपाचे दिवस भरले आहेत. गुजरात दौरा अटळ. सुकन्या आली होती. तिला सांगितले, परत आल्यावर पहिले काम हेच. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "बाई, किल्ली ठेवून जाता का?" मी म्हटले, पदाची किल्ली कुणाकडे ठेवायची नसते. "बरं बाई," म्हणाली. पण आज 'बरं' जरा लांब होते.

२ जुलै
परतले. गुजरात शाखेचे कार्य समाधानकारक, मुलगी झाली. महिनाभर बाळंतिणीला शेक, बाळाला मालीश, दुपटी धुणे. संघटना तळागाळापर्यंत नेणे म्हणतात ते हेच.

३ जुलै, बाजार
आश्चर्य! रतनबाई ठणठणीत. समोर भली मोठी पाण्याची बाटली. माझ्यादेखत अर्धी संपवली. मिरचीवालीकडेही बाटली. उद्घाटनाचे कुणी विचारलेसुद्धा नाही. राष्ट्रीय सप्ताहाचा एवढा परिणाम होईल असे वाटले नव्हते. मी स्वतः विचारले, "रतनबाई, थांबता येईल ना अजून थोडं?" तर ती म्हणाली, "थांबा की बाई, तुमचं तुमी निवांत घ्या." किती फरक पडला आहे!

१७ जुलै
स्वच्छतागृहावरची टाकी बाजारच्या दिवशी दुपारीच रिकामी होते. बंद इमारतीत पाणी जाते कुठे? पंचायतीला लेखी तक्रार केली: गळती. सुकन्याने वाचली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "व्हय बाई, गळतीच असंल." प्लंबर पाठवते म्हणाली. चेहरा लाल झाला होता. तिला ताप असावा.

१५ ऑगस्ट
अंगणात ध्वजवंदन. हे पँट घालून आले. प्रगती. माझे भाषण 'शिस्त आणि राष्ट्र' या विषयावर. मोनिका मधेच उठून गेली, पार्लरला गिऱ्हाईक होते.

१८ सप्टेंबर
सलग पाऊस. उद्घाटन पुढे. जेवताना हे म्हणाले, "तुझ्या त्या कुलपात तेल घाल, गंजलं असंल." मी म्हटले, कुलूप चांगल्या कंपनीचे आहे. "उघडतंय का तरी बघ एकदा." मी म्हटले, उद्घाटनाआधी उघडणे हा नियमभंग आहे. यांना ठसका लागला. भाकरी बाजूला ठेवून कितीतरी वेळ खोकत होते. खोकला की हसू, समजले नाही.

१६ ऑक्टोबर
राष्ट्रीय अधिवेशन, पारनेर. स्थळ: मोनिकाच्या बहिणीचा हॉल (म्हणजे बैठकीची खोली). मध्य प्रदेश शाखेने फोनवरून भाग घेतला. दीपाची जाऊ म्हणाली, "मौशी, मी कशात आहे ते एकदा सांगा." ठराव एकमताने मंजूर: मध्य प्रदेश शाखा बरखास्त.

१३ नोव्हेंबर
आचारसंहिता लागली. राष्ट्रीय नेत्याने अशा काळात उद्घाटन करणे अनुचित. सुकन्या म्हणाली, "बाई, ती नगरपालिकांची हाय. आपल्या गावाला लागू न्हाई, आन् तुमाला तर बिलकुलच न्हाई." बिलकुल नाही? मी तिला सांगितले, मला सगळे लागू आहे. पुढे ढकलले.

१८ डिसेंबर, बाजार
शेवटी आज. मंडप, खुर्च्या, हार. नवा दगड बसला, 'अखिल भारतीय' आणि 'राष्ट्रीय' दोन्ही व्यवस्थित बसले. पंकज कॅमेरा घेऊन आला. चार शब्द बोलायचे ठरवले होते, सप्ताहाचा विषय निघाल्यावर जरा वाढले. पाण्याचे महत्त्व पटवण्यासाठी व्यासपीठावरच दोन बाटल्या प्यायले. टाळ्या.
मग फीत. फीत कापली. किल्ली घातली. फिरली नाही. पुन्हा घातली. हे खुर्चीवरून उठले, "आन इकडं," म्हणून त्यांनी प्रयत्न केला. किल्ली आतच मोडली. कुणीतरी कुलूप कापायला माणूस आणायला गेले, तो पाथर्डीला होता. पंकज म्हणाला, "मॅडम, तोवर चार शब्द." मी बोलायला उभी राहिले.
दोन बाटल्या. बोलणे जमेना. बसवेना. उभे राहवेना. समोर रस्ता, त्यापलीकडे चहाचे हॉटेल, तिथे सगळे पुरुष बाकांवर बसून इकडेच बघत होते. वर्षभरात हे हॉटेल माझ्या नजरेत कधी आले नव्हते. घर लांब. शेते लांब.
रतनबाई मेथीच्या पाटीवरून उठली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "चला बाई." मी म्हटले, कुठे? "चला की. समदं इच्यारायचं नसतं." हात धरून तिने मला इमारतीच्या मागे नेले.
मागे खडी टाकून पायवाट केलेली. बल्ब. तारेवर टॉवेल. दार सताड उघडे, आणि बायकांची रांग. मिरचीवाली, कांदेवाली बनुबाई, दोन अनोळखी. आमची सरचिटणीस मोनिकासुद्धा. मला बघून सगळ्यांनी पदर सावरले. मग मिरचीवाली म्हणाली, "आगं बाईस्नी पुढं जाऊ द्या, त्यांच्या तोंडावरूनच दिसतंय."
दाराशी पायरी होती, पांढऱ्या दगडाची. वर पाय ठेवताना अक्षरे दिसली. 'जिल्हा अध्यक्षा.' वाचत थांबायला वेळ नव्हता. मागून बनुबाई सांगत होती, "सांभाळून बाई, पावसात चिखल हुतो म्हनून सुकन्यानं घातलाय. लई चांगला बसलाय."
आत स्वच्छ. बादली, मग, साबण, आरसा. आरशाच्या कोपऱ्यात कुणाची तरी टिकली चिकटवलेली.
बाहेर आल्यावर रतनबाईला विचारले, कधीपासून? ती म्हणाली, "मी दवाखान्यातनं आले तवापास्नं. सुकन्यानं मागचं उघडून दिलं. म्हनली, बाईस्नी कळू देऊ नका, बाईंचा मान राहू द्या." मग आपल्या बाटलीतले पाणी तिने माझ्यापुढे केले. प्यायले.
कुलूप संध्याकाळी कापले. पुढचे दार उघडले. कुणीही गेले नाही. समोर हॉटेल आहे.

१९ डिसेंबर
पंचायतीला पत्र: गळतीची तक्रार मागे घेत आहे. कोनशिला परत न पाठवल्याबद्दल सुकन्याला बोलायचे होते. ती दारात येऊन उभी राहिली, सातवी ब मध्ये उभी राहायची तशीच. मी म्हटले, पायरी हलत नाही ना? "न्हाई बाई, पक्की हाय." बरं, म्हटले.

३१ डिसेंबर
पुढच्या वर्षाचा दौरा कार्यक्रम आखला. अकोले, सुरत (दीपाच्या मुलीचा वाढदिवस), अधिवेशन. बाजारच्या दिवशी कुठलाही दौरा ठेवलेला नाही.
रतनबाईचा निरोप: साबण संपला.
उद्या नेणे. मागच्या दाराने.