काकांची लाल पाटी

यासेनिक, २९ मार्च १९९८

चि. हिल्मियास झेयनाताईचे अ. उ. आशीर्वाद.

ग्राझमध्ये वेळेवर जेवतोस ना, की अजून नुसत्या कॉफीवरच? इथे बर्फ वितळलं आणि अवदोने अळंब्यांची करंडी खाली काढली. वसंतातली पहिली स्मर्चक अळंबी हाती लागेपर्यंत तुझ्या भावोजींना चैन पडायची नाही.

रागिबकाका थंडीत गेले ते आपली अळंब्यांची जागा कुणाला न सांगता. सख्ख्या मुलीलाही नाही. पण पाणगिरणीमागच्या राईत सुरुंगाची ती कवटीवाली लाल पाटी आहे ना, तिच्या पलीकडून काका भरली करंडी घेऊन येताना अवदोने गेल्या वर्षी पाहिलं म्हणे. तो म्हणतो, पाटी खोटी आहे, म्हाताऱ्याने अख्ख्या गावाला उल्लू बनवलं. मी म्हणते, युद्धातल्या सुरुंगांशी थट्टा नको. काका तुला बरोबर न्यायचे. खरं काय ते लगेच कळव, तोवर मी याला धरून ठेवते. फोन अजून आलेला नाही, आणि टपाल खालच्या दुकानात आठवड्याने येतं.

माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई


ग्राझ, ८ एप्रिल

ती. झेयनाताईस सा. न.

पत्र वाचून एकटाच खो खो हसलो. भावोजींचं डोकं चालतं हो! राई अगदी स्वच्छ आहे, तिथे कधी कुणी सुरुंग पेरलाच नाही. युद्ध संपल्यावर काका आणि मी सगळ्यांच्या आधी गावात परतलो, तेव्हाच त्यांनी ती पाटी खाणीवरच्या पाइनच्या उतारावरून काढून राईत ठोकली. मला शपथ घातली होती. मी घाबरलो, तर म्हणाले, अरे, त्या उतारावर जन्मात एक अळंबी उगवली नाही, तिथे कोण मरायला जातंय?

तेव्हा भावोजींना खुशाल राईत जाऊ दे. वाळवलेली एक माळ मला पाठव. इथल्या अळंब्यांना पुठ्ठ्याची चव आहे.

रागावू नकोस, लोभ असू दे.

तुझा हिल्मिया


यासेनिक, ११ एप्रिल

चि. हिल्मियास अ. उ. आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून नाही. घरात रोज भांडण. शेवटी काल मीच जिंकले. पाटीपलीकडे पाऊल टाकणार नाही, अशी अवदोने भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली.

आणि बघ, त्याचं फळही लगेच मिळालं. खाणीवरचा पाइनचा उतार शरदात जळला होता. जळक्या जमिनीत ही अळंबी कशी फुटते ते तुला काय सांगायचं! खालूनच दिसतात म्हणे, राखेत नुसत्या टोप्याच टोप्या. तिथे पाटी नाही, काही नाही. उद्या पहाटे एकटाच जाणार आहे. शेजाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून मलाही नेत नाही, वेडा कुठला.

मला आता शांत झोप लागेल. तुझी माळ पक्की समज.

तुझी ताई


यासेनिक, २० एप्रिल

हिल्मिया,

तुझं पत्र अवदोच्या जनाज्यानंतर मिळालं. दुकानात उभ्यानेच वाचलं. दुकानदारीण डोळे पुसत होती, तिला वाटलं तू सांत्वनाचं लिहिलं आहेस.

तुझ्यावर राग नाही. काकांवर आहे, पण मेलेल्या माणसाशी किती भांडू? सगळ्यात जास्त माझ्यावरच आहे. तो नीट राईत चालला होता रे. मी त्याला भाकरीवर हात ठेवायला लावला.

काल मी राईत गेले. पायाखाली काकांच्या अळंब्या होत्या, करंडी भरेल इतक्या. एकीलाही हात लावला नाही. पाटी उचकटली, खाणीवर नेली आणि उताराच्या पायथ्याला पहिल्याच जळक्या झाडावर ठोकली. ठोकत होते तेवढ्यात पलीकडच्या गावचा कुणी माणूस करंडी घेऊन आला. हसला आणि म्हणाला, की बाई, या युक्त्या आम्हालाही येतात. पाटीला वळसा घालून तो वर निघाला. मी त्याची बाही धरली, अवदोचं सगळं सांगितलं, तेव्हा परत फिरला.

पाटीवर आता कुणाचा विश्वास उरला नाही. म्हणून हंगाम संपेपर्यंत मी रोज पहाटे जाऊन तिच्याखाली बसणार आहे.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाला ये. मी घरी नसले तर खाणीच्या रस्त्यावर ये, डांबरावरूनच, आणि खालूनच हाक मार.

झेयना