सात थेंब तेल

डाव्या हाताने तुमचे इंजिन उचलून धरले आहे आणि उजव्या हाताने हे पत्र लिहितो आहे. अक्षर हलले तर दोष इंजिनाला द्यावा. खालच्या मजल्यावरच्या गॅरेजवाल्याने ते सायकलला धरणाऱ्या पट्टीच्या बोल्टांना नळीतला लाल गोंद लावला आहे, आणि तो सुकेपर्यंत अर्धा तास इंजिन खाली येता कामा नये, असे बजावून तो जेवायला गेला आहे. हिने माझ्यासमोर स्टूल ठेवले, स्टुलावर कागद ठेवला आणि म्हणाली, पेटी येऊन तीन आठवडे झाले, माझ्या भावजींना पोच म्हणून एक ओळ गेली नाही. आता आयतेच एका जागी सापडला आहात, तर लिहा. म्हणून लिहितो आहे.

साडूभाऊ, नमस्कार वर राहिलाच, तो इथे घ्यावा. तुमचे ब्लडप्रेशर आटोक्यात असेल. ताईंनी ती दाढ काढली की अजून तिची समजूतच घालत आहेत? आम्ही सगळे खुशाल आहोत (सगळे म्हणजे दोघेच, पण या महिन्यात घरात गर्दी झाल्यासारखी वाटते). माझ्या उजव्या कोपराला खरचटले आहे. त्याचे कारण ओघात येईल.

तुम्ही सायकलला बसवायचे हे मशीन पाठवलेत ते माझी अडचण ऐकून, हे मी विसरलेलो नाही. टेकडीवरच्या टॉवरच्या घड्याळाला मी एकतीस वर्षे दर सोमवारी सकाळी सातला चावी देतो. एकशे बारा फेरे. (मी ते झोपेतही मोजतो, असे हिचे म्हणणे आहे. नव्वदाच्या पुढे आवाज चढतो म्हणे.) टेकडीची बस बंद झाल्यापासून सायकल हाणत जात होतो, पण मागच्या महिन्यात चढावर असा दम लागला की मैलाच्या दगडावर बसलो आणि बसूनच राहिलो. घड्याळ दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी थांबले. गावात कुणाच्या लक्षातही आले नाही, हे मला जास्त लागले. लक्षात आले फक्त नगरपालिकेतल्या साहेबांच्या. ते अगदी गोड शब्दांत म्हणाले, "काका, आणखी एकदा बंद पडलं ना, की आपण वीज जोडून टाकू. विजेला दम लागत नाही." तो 'आणखी एकदा' म्हणजे उद्याचा सोमवार. गेल्या तीन सोमवारी दूधवाल्याने गाडीतून नेले. उद्यापासून तो गावाला चालला आहे.

आता पेटीविषयी. तुम्ही सोबत लिहिले होते की हे बसवणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम, लहान मूलही करील. ते मूल कुणाचे, ते कळवले असतेत तर बोलावून घेतले असते. पुस्तिकेत सतरा चित्रे आहेत आणि सतराही चित्रांत एक माणूस हसतो आहे. नवव्या चित्रात त्याच्या हातातले इंजिन आठव्याच्या उलट्या बाजूला तोंड करून आहे, तरी त्याचे हसू कायम. असला माणूस मी पन्नास वर्षांत पाहिलेला नाही. घड्याळ उघडणारा माणूस हसत नाही. हसला तर श्वासाने स्प्रिंग उडते.

सायकल घरात होतीच. पहिले काम मागच्या चाकाला दाते असलेली मोठी चकती बसवण्याचे. ती स्पोकना रबराच्या पट्ट्यांमध्ये धरून नऊ बोल्टांनी आवळायची असते. मी डोळ्याला भिंग लावले, चिमट्याने वॉशर ठेवले आणि बोल्ट आमच्या पद्धतीने आवळले, म्हणजे दोन बोटांनी, स्क्रू 'पुरे' म्हणेपर्यंत. मग चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाची डुगडुग, काढला. त्याला चार दिवस लागले, पण चाक असे फिरू लागले की ते फिरते आहे की उभे आहे ते कळेना. ही चहा घेऊन आली आणि तिने विचारले, हे फिरवत बसायचे आहे की यावर बसायचेही आहे? दिवसभर फिरवत बसलो. साडूभाऊ, खरे सांगतो, तेवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता. (हे ताईंना वाचून दाखवू नये.)

झडपा उघडणाऱ्या टॅपेटची फट पाहायची वेळ आली तेव्हा तर मला घरी आल्यासारखे झाले. केसाएवढी फट हवी म्हणतात. मी हिचा एक केस मागून घेतला आणि मोजून बघितली. काळा केस बसला, पांढरा अडकला. हिला सांगितले तर ती म्हणाली, मग पांढऱ्याचं खापर तुमच्या इंजिनावर फोडू का?

यानंतर तेल. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की जिथे दोन वस्तू एकमेकींना घासतात तिथे एक थेंब. दोन थेंब घालतो तो नवशिका. मी सुईच्या टोकाने इंजिनाला सात थेंब दिले, दोरी ओढली आणि इंजिन चालू झाले. मी टोपी काढली. चाळीस सेकंदांनी आतून असा आवाज आला की जणू जिना उतरताना कुणाच्या तरी हातून कपबश्यांचा ट्रे सुटला. गॅरेजवाला हातातला घास तसाच ठेवून वर आला (त्याच्या जेवणाच्या वेळा माझ्यामुळे गेल्या त्या गेल्याच). त्याने बूच काढले, पट्टी बुडवली, कोरडी बाहेर आली.

"काका, यात तेल कुठंय?"

"घातलंय की. सात थेंब."

त्याने माझ्याकडे बघितले. मग हिच्याकडे बघितले. मग खाली जाऊन त्याने डबा आणला आणि दोन पेले भरून तेल ओतले. मला तर ते बघवेना. तेवढ्यात मी गावातली सगळी घड्याळे माझ्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत चालवली असती. इंजिन वाचले. नवे असताना कारखान्यातून आतल्या भागांना थोडे तेल चोपडलेले असते, त्यावर ते तगले, असे तो म्हणाला. तुमची पुण्याई.

दुसरा नियम धुळीचा. घड्याळात धुळीचा कण गेला की दिवसाला चार मिनिटांचा फरक, आणि इथे तर या इंजिनाच्या बाजूला कारखान्याने चांगले मुठीएवढे भोक ठेवले आहे. मला राहवेना. उशीचा अभ्रा घेऊन मी इंजिनाला मापाची टोपी शिवली, नाड्यांसकट. तेव्हापासून इंजिन खोकू लागले. काळा धूर निघे आणि दोन मिनिटांत जीव जाई. मी समजलो कार्बोरेटर जुळवायचा राहिला आहे. मग तीन दिवस 'स्लो', म्हणजे उभ्या इंजिनाचा वेग, वाढवायचा स्क्रू एकेक अष्टमांश फेरा फिरवून, प्रत्येक फेऱ्याची वेळ आणि खोकल्यांची संख्या चिठ्ठीवर टिपत गेलो. शेवटी स्क्रू जाईल तितका आत गेला आणि तेव्हा कुठे, अभ्र्यातून श्वास घेत का होईना, इंजिन संथ चालू लागले. एका मिनिटाला किती ठोके ते मी मनगटावर बोट ठेवून मोजले. माझ्या नाडीपेक्षा नियमित होते.

काल संध्याकाळी हिने धुणे काढले आणि अभ्रा ओढून घेतला. भोक मोकळे झाले. मला काय माहीत?

आज सकाळी गल्लीत सायकल आणली, स्वार झालो, दोरी ओढली. तीन दिवस ज्या इंजिनाचा गळा मी दाबून धरला होता, त्याला एकदम सगळी हवा मिळाली. इंजिन जोरात फिरले की क्लच आपोआप पकडतो, हे पुस्तिकेतल्या अकराव्या चित्रात होते आणि ते मला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आठवले. ब्रेक दाबले. साडूभाऊ, ब्रेकचे रबर आणि चाकाची रिम एकमेकांना घासतात. तिथेही मी थेंब थेंब दिलेले होते.

दिव्याच्या खांबाभोवती अकरा फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन भीतीच्या होत्या. तिसरीला वळण जमले. चौथीला कालचे राहिलेले टपाल रविवारी वाटणारा पोस्टमन दिसला, त्याने पत्र पुढे केले, पाचवीला मी ते घेतले. (वीजबिल होते.) सहावीपासून, लपवण्यात अर्थ नाही, मी गात होतो. एकसष्टाव्या वर्षी, पायांना काडीचे काम नाही आणि घरे झरझर मागे पळत आहेत! बंद करायचे लाल बटण हँडललाच होते, पण चित्रात त्या हसऱ्या माणसाचा अंगठा नेमका त्यावर असल्यामुळे ते मला तोवर दिसलेले नव्हते. ही खिडकीत उभी राहून फेऱ्या मोजत होती. आठव्या फेरीला इंजिन लोंबकळू लागले (त्याच्या पट्टीचे बोल्टही मी दोन बोटांनीच आवळले होते). नवव्या फेरीला ही खाली आली, दहावीला माझ्या बाजूने पळाली आणि अकरावीला हातात अभ्रा गुंडाळून प्लगची टोपी उपटली. सायकल थांबली, मी थोडा पुढे गेलो. कोपर तेव्हाचे.

"झालं?" ती म्हणाली. "आता मला द्या."

मी साफ नाही म्हणालो. मशीन अजून रुळायचे आहे, चढ अवघड आहे, आणि हिने तीस वर्षांत सायकलला हात लावलेला नाही. ती म्हणाली, कॉलेजात स्लो सायकलिंगमध्ये माझा पहिला नंबर होता, सगळ्यात शेवटी मी पोहोचले होते. शेवटी पोहोचण्याचा पहिला नंबर घेऊन सातच्या आत टेकडीवर कसे पोहोचणार, असे मी विचारले. तेव्हापासून ती माझ्याशी गरजेपुरतेच बोलते आहे. हे पत्र गरजेत मोडते.

गॅरेजवाल्याने ब्रेकचे रबर बदलले, रिम साबणाने धुतली आणि माझा तीन दिवसांचा स्क्रू अर्ध्या मिनिटात, नुसत्या कानाने, जागेवर आणला. चिठ्ठ्या बघितल्यासुद्धा नाहीत. आता गोंद सुकला की झाले. उद्या मी जातो. देणगीबद्दल मनापासून आभार. ताईंना नमस्कार.

तुमचा,
घड्याळजी साडू

ता. क. सायकल घरात होतीच असे वर लिहिले आहे. ती तुमची. मागच्या खेपेला तुम्ही आमच्याकडे आवरण घालून ठेवलेली, 'कृपया हात लावू नये' अशी चिठ्ठी अडकवलेली. चिठ्ठी जपून ठेवली आहे.

ता. क. २. हे पत्र ज्यासाठी लिहिले ते आता लिहितो. हात सोडून पाहिला, इंजिन जागेवर राहिले; माझे गुडघे मात्र उठताना राहिले नाहीत. अकरा फेऱ्यांचे आता जाणवते आहे. नगरपालिकेतले साहेब तुमचे विद्यार्थी होते ना? त्यांना एक फोन करून आठवडाभराची सवलत मागता आली तर पाहावे. मी मागितली असे सांगू नये. तुम्हाला सुचले असे सांगावे.

ता. क. ३. पत्र टाकायचे राहिले, म्हणून सोमवार सकाळचे लिहितो. सहाला जाग आली. सायकल नव्हती, टॉवरची चावी खिळ्यावर नव्हती, अभ्रा उशीला परत चढवलेला होता. गुडघ्यामुळे खाली उतरता आले नाही, खिडकीत बसलो. माझ्या घड्याळात सात वाजून चाळीस सेकंदांनी टॉवरचे सात टोल पडले, म्हणजे काटे हिने लावले होते. एकतीस वर्षे मी ते घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे लावत आलो आहे. आज मी मनगटावरचे चाळीस सेकंद मागे केले. साहेबांना फोन करू नये. सायकलीचे तुम्ही आणि ही आपसांत पाहून घ्या.