हानी : निरंक

मुंबई,
बुधवार, २० फेब्रुवारी २०१९
दुपारचे दोन

प्रिय नवशीबाय,

जोहार.

आज सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी डहाणू-तलासरी भागात भूकंपाचा धक्का बसला. तीव्रता दोन पूर्णांक नऊ. दिल्लीच्या केंद्राने अकरा त्रेचाळीसला दुजोरा दिला. आपल्या पाड्यावर कुणाला काही झालेलं नाही, हे पोलीस पाटील बाबल्याकाकांनी सांगितलं. स्वतः घरोघर फिरलात का, असं मी त्यांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते चिडले. "अरे सुन्या, तुझ्या बहिणीच्याच अंगणात उभा हाय. शेळी बांधते ती. देऊ का फोन तिला?"

मी नको म्हणालो.

तू बरी असशील. तुझ्या संगीताची शाळा पटांगणात भरते असं आपला धाकल्या आज इथे आल्यावर सांगत होता. थंडी असेल सकाळची. तिला माझा जुना स्वेटर घालायला दे, पत्र्याच्या पेटीत आहे.

धाकल्या संध्याकाळच्या गाडीने डहाणूला उतरेल आणि रात्रीपर्यंत पाड्यावर पोचेल. त्याच्याच हाती हे देतोय. संगीता, तू आईला मोठ्याने वाचून दाखव आणि एकही ओळ गाळू नकोस. पुढे गाळावीशी वाटेल.

आधी बाची बातमी. धाकल्याने आणलेला पायाचा एक्स-रे फोटो मी सकाळी ड्यूटीच्या आधी इथल्या मोठ्या इस्पितळात दाखवला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि म्हणाले, प्लास्टर घातलं ते ठीक, पण आत हाड सरकलंय. ऑपरेशन करून पट्टी बसवावी लागेल, आणि ते याच आठवड्यात. उशीर झाला तर हाड तसंच वाकडं जुळेल आणि बा पुन्हा डोंगर चढणार नाही. मी विचारलं, "नक्की चालेल ना मग?" ते म्हणाले, "वेळेवर आणलंत तर." त्याला कसं आणायचं ते शेवटी लिहितो.

माझं इथल्या आपत्ती नियंत्रण कक्षातलं काम तू कधी नीट विचारलं नाहीस. "टीव्हीसमोर बसायला पगार देतात," असं बा सगळ्यांना सांगतो, ते अगदीच खोटं नाही. भिंतीवर पडदे आहेत. एकावर ढग, एकावर समुद्र, एकावर जिल्ह्यांचा नकाशा. राज्यात कुठे आग लागली, पूल खचला, बोट आली नाही, की जिल्ह्याचा फोन येतो आणि आम्ही ते तक्त्यात भरतो. किती वाजता, कुठे, मृत किती, जखमी किती, घरं किती, आणि शेवटचा रकाना, दुजोरा कोणाचा. काहीच नसेल तर निरंक लिहायचं. रिकामा रकाना चालत नाही. संध्याकाळी पाच वाजता तक्ता वर जातो. तंबू कुठे जायचे, डॉक्टर कुठे जायचे, घरं तपासायला कोण जायचं, सगळं त्यावरून ठरतं.

माझ्या शेजारी वरोरचा भावेश बसतो, कोळ्याचा पोर. हवामान खात्याचे इशारे बंदरांना कळवायचं काम त्याच्याकडे. नोव्हेंबरमध्ये धक्के सुरू झाल्यापासून तो मला चिडवतो. "तुमची जमीन आता हलायला लागली. आम्ही जन्मापासून हलतोय, आमची कुणी बातमी केली का?" पण फोन वाजला आणि पलीकडून तलासरी ऐकू आलं की तो माझ्याकडे बघत नाही. पडद्यावरच्या ढगांकडे बघतो.

मला स्वस्थ बसवत नाही, बाय. टेबलावर पाण्याची बाटली ठेवलीय, तिच्याकडे सारखं लक्ष जातं. पाणी हललं की मी फोनकडे हात नेतो. बहुतेक वेळा खालून गाडी गेलेली असते. जेवताना घास हातात राहतो. तलासरीत पत्रे वाजल्याचे भास मला मुंबईत होतात.

तुझा फोन लागत नाही. तिकडे नेटवर्क नसेल.

नाही. मी हे असं लिहिणार असेन तर पत्राचा उपयोग नाही. धाकल्याचा फोन तिथूनच लागतो. तू माझा उचलत नाहीस, आणि का ते मला ठाऊक आहे.

दोन आठवड्यांपूर्वीचा बुधवार. तीन चाळीसला धक्का बसला होता. तालुक्याचे दोन्ही फोन सतत गुंतलेले. साडेचारपर्यंत आजूबाजूच्या पाड्यांची माहिती आली, आपल्या पाड्याची नाही. बाबल्याकाका त्या दिवशी कासा बाजारला गेले होते. चार बावन्नला मी तुला फोन केला. भाऊ म्हणून नाही. रकाना भरायचा म्हणून.

तू म्हणालीस, "सगळं बरं हाय. तू जेवलास का?"

मी विचारलं, "बा कुठंय?"

तू म्हणालीस, "झोपलाय."

एवढंच बोलणं झालं. मी लिहिलं, मृत निरंक, जखमी निरंक, घरं निरंक. दुजोरा, स्थानिक. पाचला तक्ता गेला.

आणि तेव्हा बा मागच्या भिंतीखालून काढलेला, अंगणात, खाटेवर होता. तू तोवर धाकल्याला माझ्याकडे रवानाही केलं होतंस. आपल्यात लांबच्या माणसाला वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत, माणूस पाठवतात. तो येतो, पाणी पितो, बसतो आणि मग सांगतो. आई गेली तेव्हा मी आश्रमशाळेत होतो. तू स्वतः चालत आली होतीस, आणि आधी माझ्या डोक्याला तेल लावलं होतंस. तू त्या दिवशी खोटं बोलली नाहीस. आपल्या रीतीने बोललीस.

धाकल्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या खोलीवर आला. मी त्याच्यासमोरच तुला फोन लावून ओरडलो. "खोटं का बोललीस? माझी नोकरी जाईल, कळतं का?" बाचा पाय कसा आहे, हे मी त्यानंतर विचारलं.

चूक उघडी पडल्यावर कक्षात माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, स्थानिक व्यक्तीने चुकीची माहिती दिली. व्यक्तीचं नाव विचारलं, तेही दिलं. तो कागद खाली तालुक्याला गेला आणि कुणीतरी पाड्यावर येऊन सगळ्यांसमोर तुला बोललं की तुमच्यासारख्या बायांमुळे सरकारची फसवणूक होते. हे मला धाकल्याने आज सांगितलं. मी चहा मागवला होता, त्याने घेतला नाही. तो म्हणाला, "तो माणूस बोलत राहिला, नवशी भांडी घासत बसली."

आता ते, जे मी खुलाशात लिहिलं नाही.

बा दुपारी चार-पाचला कधी झोपत नाही. आपल्याला आठवतं तेव्हापासून त्या वेळी तो शेळ्या खाली आणायला जातो. तापात सुद्धा गेलाय. तू "झोपलाय" म्हणालीस तेव्हाच मला कळलं. तुझ्या मागे संगीता रडत होती, तेही ऐकलं. मी आणखी एक प्रश्न विचारला असता तर तू सांगितलं असतंस, तुला माझ्याशी लपवता येत नाही. पण आठ मिनिटं राहिली होती. मी ऐकलं, आणि निरंक लिहिलं. भिंत सुद्धा माझीच. बा कुडाच्या भिंतीवर खूश होता, मीच हट्टाने विटांची घालायला लावली, चार लोकांत बरं दिसतं म्हणून. घराच्या कुडाच्या तिन्ही बाजू उभ्या आहेत म्हणे.

आपला पाडा तक्त्यात निरंक, म्हणून तंबू शेजारच्या पाड्यांवर गेले, घरं तपासणारे तिकडेच गेले, आणि रुग्णवाहिका आलीच नाही. तू बाला दुसऱ्या दिवशी टेम्पोतून दवाखान्यात नेलंस. तो कागदोपत्री जखमीच नव्हता.

आज धाकल्याशी बोलून झाल्यावर मी कक्षाच्या मुख्य मॅडमकडे गेलो. पहिला खुलासा मागे घेतला, दुसरा दिला. त्यात तुझं नाव फक्त एकदा आहे, तुझी चूक नाही हे सांगायला. मॅडमनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "सुनिल, हा घेतला तर चूक तुमची होते. एकतीस मार्चला करार संपतोय, माहीत आहे ना?" मी म्हणालो, "माहीत आहे. चूकही माझीच आहे." त्यांनी सही केली. प्रत तालुक्याला गेलीय, पाड्यावर वाचून दाखवा असा शेरा मी मागून घेतला. एप्रिलमध्ये मी इथे असेन की नाही, सांगता येत नाही. भावेश म्हणतो, "ये वरोरला, बोटीवर घेतो. पोहता येतं का?"

माफ कर, हे मी फोनवर म्हणणार नाही. माणूस पाठवायची रीत आहे, तर तो माणूस मीच व्हायला हवं. शनिवारी रजा मिळालीय, सकाळच्या गाडीने येतो. दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव.

त्याआधी उद्याचं नीट ऐक. उद्या गुरुवारी, सकाळी अकराला, पथक आपल्या पाड्यावर येईल. तहसीलदारांनी मला तसं स्वतः कळवलंय. एक इंजिनियर, एक डॉक्टर, मागून तंबूंचा ट्रक. सोबत रुग्णवाहिका असेल. डॉक्टरांनी बाला जखमी म्हणून लिहिलं की ती त्याला थेट इथे घेऊन येईल, इस्पितळात खाट सांगून ठेवलीय. बा म्हणेल, मला काय झालंय, मी ठीक हाय. त्याचं ऐकू नकोस. फोटो धाकल्याजवळ आहे, तो आधी डॉक्टरांच्या हातात दे.

त्यांच्याकडे माझ्यासारखाच तक्ता असेल. तुझ्या अंगणात उभे राहून ते विचारतील, "काय झालंय का इथं?"

बाय, ते लांबचे लोक आहेत. तरी उद्या एक दिवस "सगळं बरं हाय" म्हणू नकोस.

ज्याने ऐकून लिहिलं नाही, तो तुझा भाऊ,
सुनिल