माझा साचा आणि वरच्या आळीचं पाणी

२ जून, सकाळ

तेल्मो क्वारेश्माचा फोन. पाणीपुरवठा कचेरीत माझ्या खुर्चीवर आता हा बसतो. म्हणे, "दोना लुदोविना, टाक्यांसाठी दोन नवे सर्व्हर काढायचेत. तुमचा जुना टेंप्लेट पुसून टाकू ना?"

पुसून! माझा साचा, ज्यातून हवे तितके सर्व्हर ओतून काढता येतात; निवृत्त होताना मागे ठेवलेली माझी एकमेव वस्तू. आणि 'दोना' म्हणजे काय, नुसत्या बाई? इंजिनिअरबाई म्हणायचं.

थेट संचालक बाल्तझार यांना गाठलं. ठरलं असं: २४ जूनच्या सांजांवच्या सणाआधी माझ्या साच्यातून दोन्ही सर्व्हर उभे राहिले, एक वरच्या आळीच्या टाकीचा आणि एक खालच्या, तर साचा राहील. नाहीतर पुसतील. चार दिवसांचं काम.

संकल्प: तेल्मोवर ओरडायचं नाही.

४ जून

ओरडले. त्याचीच चूक.

हा सर्व्हर खरा नसतो, मोठ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला असतो; त्याचं नेटवर्क कार्डही खरं नसतं, पण कार्डाला पत्ता लागतोच. तेल्मो म्हणतो, पत्त्याची जागा मोकळी सोडा, प्रत्येक नव्या सर्व्हरला यंत्रणा आपणहून वेगळा पत्ता देईल. आपणहून! मी साच्यातच पत्ता हाताने लिहिला आहे. एक साचा, एक पत्ता. "पण दोघांचा पत्ता एकच होईल हो, इंजिनिअरबाई!" म्हणजे शिस्त होईल, असं सांगितलं. बिचाऱ्याने शिस्त कधी पाहिलेलीच नाही.

९ जून

वरच्या टाकीचा सर्व्हर उभा राहिला! पहिल्या फटक्यात. टाकीची पातळी पडद्यावर स्वच्छ. तेल्मो म्हणाला, "एक तर उभा राहणारच." मत्सर.

घरी येताना चेरी घेतल्या. धाकट्या बहिणीला, बेनेदिताला, सगळं सांगितलं. ती टीव्ही बघत होती.

११ जून

दुसराही काढला. तेव्हापासून दोघे लुकलुकतात. हा आला की तो जातो. पडद्यावर टाकी क्षणात भरलेली, क्षणात रिकामी. कारणं उघड आहेत: उन्हाळा, हलक्या प्रतीच्या वायरी, तेल्मो.

कचेरीतली पोरं कोपऱ्यात हसत होती. मी वळले की गप्प.

१३ जून, सांत आंतोनियो

सणाची सुट्टी. सार्डिन मासे भाजताना बेनेदिताला समजावलं. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर एश्कोलाश्तिका सगळ्या मुलींना 'मारिया'च म्हणायच्या, त्यामुळे वर्गाला कशी शिस्त होती! सर्व्हरचंही तसंच.

बेनेदिता म्हणाली, "अगं ताई, आठवतंय ना? स्वयंपाकघरातून 'मारियाचं सूप' अशी हाक आली की सगळ्या धावायच्या. जी आधी पोचेल ती प्यायची. मी उपाशी वाढले त्या शिस्तीत."

हिला यंत्रातलं काही कळत नाही. शिवाय ते सूप बहुतेक वेळा मीच प्यायचे, त्यामुळे पद्धत चालत होती हे सिद्धच आहे.

१६ जून

तेल्मो म्हणतो, साच्यातलं फर्मवेअरही जुनाट आहे. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी जे चालतं, ते. मला जुनाट म्हणायची ही आडवळणाची रीत. तो जेवायला गेल्यावर नव्या पद्धतीचं निवडलं, साचा पुन्हा ओतला. यंत्र उठेचना. काळा पडदा.

तो परत आला. "आतली सिस्टिम जुन्यावर बसवलेली असताना फर्मवेअर कोणी बदललं?" मी म्हटलं, चौकशी करायला हवी. तो पाणी प्यायला उठला तेवढ्यात होतं तसं केलं. यंत्र उठलं. म्हणजे बिघाड मीच दुरुस्त केला. आभार कोणी मानले नाहीत.

२० जून

आज परीक्षा. तेल्मो रजेवर, मेहुणीच्या लग्नाला. देवाची कृपा.

संचालक येण्याआधी खालच्या टाकीच्या सर्व्हरला विश्रांती दिली. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, मग पाहुण्यांसमोर तमाशा कशाला? वरचा एकटा असा चालला की बघत राहावं. संचालकांनी विचारलं, "आणि दुसरा?" मी म्हटलं, "अगदी असाच आहे." यात खोटं काय? एकाच साच्यातला आहे.

टाळ्या. साचा राहिला! जाताना म्हणाले, "इंजिनिअरबाई, लुदोविना हे नाव कचेरीत कायम राहील." डोळे भरून आले.

दुसऱ्याला पुन्हा उठवायचं राहिलं. तेल्मो उठवेल. काहीतरी त्यानेही करावं.

२४ जून, सांजांव

सकाळपासून नळाला थेंब नाही. वरच्या आळीत कुणाकडेच नाही. संध्याकाळी जेवायला माणसं यायचीत, सार्डिन धुवायच्या राहिल्यात. बेनेदिता केसांना साबण लावून माझ्याकडे बघतेय.

कचेरीत फोन लावला. या माणसांचा खरपूस समाचार घ्यायचा ठरवलं होतं. तक्रारीला नवीनच बाई होती. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं.

म्हणाली, "काय सांगू बाई, काल तेल्मोंनी खालच्या टाकीचा सर्व्हर चालू केला. तुमची टाकी कोरडी, पण पंपाला खबर जातेय खालच्या टाकीची. त्याला वाटतं भरलीय, म्हणून तो बसलाय गप्प. लुदोविना झालीय आज परत."

मी विचारलं, काय झालीय?

"लुदोविना. दोन यंत्रं एकाच पत्त्यासाठी भांडायला लागली की आमच्याकडे तसंच म्हणतात. शेजारच्या गावच्या कचेरीतसुद्धा म्हणायला लागलेत. येईल हो पाणी. तक्रार लिहून घेते. नाव काय तुमचं?"

मी बेनेदिताचं सांगितलं.