अर्धा श्वास मागून

२ जून, सोमवार

आले एकदाची. ट्रंक ओढत या निवासी जपानी शाळेच्या फाटकापाशी पोचले आणि रखवालदाराला माझं पाठ केलेलं पहिलं जपानी वाक्य ठोकून दिलं. तो इतका खाली वाकला की मला वाटलं याचं काहीतरी पडलंय. मीही शोधायला वाकले. दोघांची डोकी आपटायची राहिली.

इमारत स्वच्छ, मूठभर झाडं, मागच्या अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं. दार, खिडकी, पेला, आरसा, प्रत्येक वस्तूवर तिचं जपानी नाव चिकटवलंय. माझी खोलीसोबतीण नर्स आहे, परदेशात वृद्धांच्या सेवेला जाणार. मी तिला लगेच नर्सताई करून टाकलं. ती म्हणाली, आता आपल्या कपाळावर चिठ्ठ्या लावायच्या तेवढ्या राहिल्यात.

तीन महिने इथं राहायचं, खायचं, भांडायचं ते जपानीतच. झोपेत बरळायचं तेही. मला मान्य आहे. मी हौसेनं आलेली नाही. आमच्या पंपांच्या कारखान्याचे मालक जपानी, आणि मधे एक दुभाषा. आम्ही म्हणायचो, जाळी बसवल्याशिवाय प्रेस मशीनला हात लावणार नाही. तो वर सांगायचा, कामगार आपले आभारी आहेत, विचार करताहेत. त्या मधात घोळलेल्या शब्दांपायी एका पोराची तीन बोटं गेली. संघटनेनं ठरवलं, आता आपली तोफ पाठवायची. तोफ म्हणजे मी. कारखान्याच्या फाटकावरच्या सभांमुळे पडलेलं नाव. ज्याची जीभ दुसऱ्याच्या तोंडात, त्याची मान दुसऱ्याच्या हातात. ही जीभ मी परत आणणार आहे.

आईला सोडून आले एवढंच खुपतं. तिची नजर जाऊन चार वर्षं झाली. शेजारच्या वहिनी बघतील. निघताना आई म्हणाली, तुझा चेहरा आता मला नीट आठवत नाही गं बये, पण आवाज ऐकला की तू अख्खी दिसतेस.

३ जून, मंगळवार

आज भाषा जमा केली. फाटकावर मोबाइल जमा करतात तशी. इथली रीतच आहे. कापडानं मढवलेली छोटी खोली, एक खुर्ची, एक माइक. मुख्य बाई म्हणाल्या, आपल्या भाषेत हवं ते बोला. आम्ही जपून ठेवू, शेवटच्या दिवशी परत देऊ.

बाकीचे दोन-चार वाक्यं पुटपुटून बाहेर आले. नर्सताई तर लाजून नुसतं नाव सांगून परतली. मी मात्र वक्ता. समोर माइक आणि घड्याळाचा धाक नाही म्हटल्यावर मला कोण आवरणार! गेल्या वर्षीची फाटकावरची सभा अख्खी केली, मॅनेजरच्या नकलेसकट. मग घरात शिरताना आईला मारते ती हाक, वहिनींच्या पोरांना घालते त्या शिव्या, पाढे, आईनं मला निजवताना म्हटलेलं गाणं, माझं हसणं, खोकणं, रडणंसुद्धा करून दाखवलं. घसा कोरडा पडेपर्यंत.

बाहेर आले तर मुख्य बाईंचे डोळे भरलेले. म्हणाल्या, आजवर इतकं कुणी दिलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं.

८ जून, रविवार

भाषा गोड आहे, खोटं का बोला. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. वाक्य संपेस्तोवर समोरच्याला ताटकळत ठेवता येतं. असली भाषा भाषणाला उत्तम.

रोज सकाळी एका सरावाला बसतो. त्याला इथं सावली म्हणतात. काचेच्या छोट्या खणात बसायचं, कानाला हेडफोन. त्यात एक आवाज बोलत जातो आणि आपण अर्धा श्वास मागून तेच म्हणत जायचं. थांबायचं नाही, अर्थ लावायचा नाही. मी बाईंना मोडक्यातोडक्या जपानीत सुनावलं की न समजता मागं जायचं हे मेंढरांचं काम, माणसांचं नव्हे. त्या हसल्या. सावलीला समजावं लागत नाही, म्हणाल्या, तिला फक्त चिकटून राहावं लागतं.

रविवारी दुपारी कचेरीतून घरी फोन करू देतात, तोही आपल्या भाषेत. आई खूश. वहिनी मागून ओरडल्या की जपानी नवरा आणू नका हो, आमच्या भाजीला नावं ठेवेल.

१२ जून, गुरुवार

सकाळी अकराला, लख्ख उन्हात घडलेली गोष्ट लिहिते आहे. मी भुतांवर व्याख्यानं दिलेली बाई आहे, ती नसतात या विषयावर.

खणात सराव चालू होता. आवाज पुढं, मी मागं. आणि माझ्या मागं आणखी एक. वाटलं शेजारच्या खणातली मुलगी. हेडफोन काढून पाहिलं. शेजारचा खण रिकामा, खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलेली. मी थांबले. अर्ध्या श्वासानं तोही आवाज थांबला. मी मुद्दाम खोकले.

मागून माझाच खोकला आला. माइकसमोर करून दाखवला होता, तो.

१५ जून, रविवार

फोन लावला. आई म्हणाली, अगं, काल तर तासभर बोललीस, आज पुन्हा?

काल कचेरीला कुलूप होतं. मी स्वतः पाहिलं. आई सांगत राहिली, काल किती मोकळी होतीस, निजवायचं गाणंसुद्धा म्हटलंस, वहिनींच्या पोरांना शिव्या घातल्यास, आम्ही हसून हसून मेलो. मग म्हणाली, आज मात्र अडखळतेस का गं? परक्यासारखी बोलतेस. बरं आहे ना?

मला तिला हाक मारायची होती, घरात शिरतानाची. ती हाक आठवेना. शब्द नव्हे, ती ओढ. तोंडातून नुसताच आई हा शब्द पडला, पाटीवर लिहिल्यासारखा.

१९ जून, गुरुवार

आम्ही दोघी रात्री पांघरुणात चोरून मराठीत कुजबुजायचो. काल मी थट्टेनं नर्सताईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली. तिनं विचारलं, कुणाला बोलावतेस?

तिला म्हटलं, तुझं नाव सांग. बाकी सगळं मराठी येतंय तिला, गावातल्या कुत्र्याचं नावसुद्धा सांगितलं. स्वतःच्या नावापाशी मात्र तोंड उघडतं आणि मिटतं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. तिनं माइकसमोर फक्त नाव सांगितलं होतं. फक्त नाव गेलं.

आज बाईंनी तिला एक जपानी नाव दिलं. ती लगेच हो म्हणाली. सामान घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. जाताना मला ओळख नसल्यासारखं वाकून नमस्कार केला.

तिनं एक नाव दिलं होतं.

मी काय काय दिलं!

२० जून, शुक्रवार

मुख्य बाईंच्या दालनात घुसले. मनात भाषण तयार होतं. माझा आवाज ही तुमच्या कपाटातली वस्तू नाही, तो माझ्या आईचे डोळे आहे, तो फाटकावरच्या माणसांचा हक्क आहे, आत्ताच्या आत्ता परत करा. मूठ टेबलावर आपटली आणि तोंड उघडलं.

बाहेर आलं ते शुद्ध, मऊ, घरंदाज जपानी. मी त्यांचे आभार मानत होते. त्रास दिल्याबद्दल क्षमा मागत होते. आतून मी किंचाळत होते आणि तोंडातून मध गळत होता. मला तो दुभाषा आठवला. मी आता तोच झाले आहे, माझ्या स्वतःच्या रागाचा.

बाईंनी चहाचा पेला पुढं केला. म्हणाल्या, उच्चार निर्दोष झाले तुमचे.

फाटकावर धावले. रखवालदाराला सांगायचं होतं, उघड. तोंड म्हणालं, कृपया नीट बंद करावं.

त्यानं आणखी एक कडी लावली.

२२ जून, रविवार

फोन. वहिनींनी आईच्या कानाला लावला. मी बोलले. काय बोलले ते मलाच कळलं, आईला नाही. तिनं विचारलं, कोण बोलतंय? मग तिचा चेहरा उजळला असणार, आवाजावरून कळलं. तिला वाटलं, जपानी बाई.

म्हणाली, बाई, तुमचे फार उपकार, माझी लेक लवकर पाठवलीत. ही बघा, इथंच माझ्या मांडीशी बसलीय.

मी ओरडले. तिकडे गोड जपानी पोचलं.

आई सांगत होती. परवा आली. दारातून हाक मारली आणि माझ्या जिवात जीव आला. चेहऱ्यावरून हात फिरवला, तीच. काल फाटकावर बोलली, काय बोलली म्हणून सांगू, बायामाणसं रडली. म्हणाली, जाळीचा हट्ट सोडा, मालक आपलेच आहेत. तोफेनंच सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी मालकांच्या कागदावर सह्या केल्या. हिनं मात्र अंगठा लावला. हात मुरगळलाय म्हणते, पेन धरवत नाही.

मागून हसण्याचा आवाज आला. माझा. मोकळा, भरघोस. मला तसं हसता येत नाही आता.

आई कुणालातरी म्हणाली, घे, तू बोल तुझ्या बाईंशी.

फोन तिनं घेतला. फक्त माझा श्वास ऐकत राहिली आणि अर्ध्या श्वासानं स्वतःचा सोडत राहिली.

२३ जून

मुरगळला नाही हात. तिला लिहिता येत नाही. मी माइकसमोर बोलले, लिहिलं नव्हतं. तोंड गेलं, हात राहिला. एवढाच राहिला.

वहिनींना पत्र. वहिनींना वाचता येतं. उद्या टपालवाला येतो.

वर्गात बाईंनी प्रेमानं विचारलं, आपण आपल्या भाषेत काही लिहिता का अजून? माझं तोंड लगेच हो म्हणालं. वहीची जागासुद्धा सांगितली —

२४ जून, सकाळ

वही आता परकरात. न्हाणीघरात कडी लावून लिहिते.

वहिनी, घरात आहे ती मी नाही —

बाहेर कुणीतरी आहे. दाराला तोंड लावून. वाचतंय. मी लिहिते ते, मराठीत, माझ्या आवाजात. अर्धा श्वास मागून. ही तर घरी होती, इथं कशी आली —

भरभर लिहायचं. वहिनी, प्रेसला हात लावू देऊ नका कुणाला. जाळी —

जाळी म्हणाली ती. माझ्याबरोबर. मागून नाही.

ती वाचते ते अक्षर माझ्या हातातून जातंय, आठवून काढावं लागतंय. आईचा आ — दोन काने की —

वहिनी, तिच्या हातात पेन द्या. तिला म्हणावं, आईचं नाव लिहून दाखव. तिला लिहिता

पुढचं तिनं आधी म्हटलं. दाराबाहेर. ते माझं वाक्य होतं, मीच लिहिणार होते, ते काय हो