ताईला पाठवलेल्या गोळ्या

बेलेम, २ मे

झेनाइदेताईला रोझेनिल्दाचा नमस्कार. आधी आशीर्वाद दे.

मला झोप नाही गं. डोळा लागला की वाटतं, माझ्या जोएलच्या अंगाखालची चादर पुन्हा लाल झाली. उठून हात फिरवून बघते. कोरडी असते, तरी पुन्हा बघते.

डॉक्टरबाईंनी नळीनं त्याचं आतडं बघितलं. म्हणाल्या, सूज आली की तिथं नव्या रक्ताच्या नळ्या फुटतात, गवतासारख्या. कच्च्या असतात, धक्का लागला की वाहतात. वर त्याच सुजेला रक्त पाजून मोठी करतात. ही गोळी नव्या नळ्या फुटूच देत नाही. पोर आता मासा मागतं!

तुझंही दुखणं तेच. आईचंही तेच होतं. तू लाजेपायी दाखवत नाहीस. जोएलची गोळी कमी केली, त्यातल्या उरल्या त्या कागदात गुंडाळून देतेय. खोकं देता येत नाही, रिकामं परत दिल्याशिवाय दवाखाना नवं देत नाही. सिस्टर बजावते, दुसऱ्या कुणाला देऊ नका, पोटुशीनं तर हात लावू नये. पण आपल्याकडं औषध कुणी एकट्यानं खाल्लंय? आणि बारा वर्षं हलला नाही तो तुझा पाळणा आता कसला हलतोय! रागावू नको, थट्टा केली.

धाकटीवर माया असू दे.
रोझेनिल्दा

गुरुपा, ९ जून

रोझे, देव तुझं भलं करो.

मी बोलतेय, शाळेच्या बाई लिहितायत. मी शिव्या दिल्या तरी त्या गोड करून लिहितील, तेवढ्या तू पुन्हा कडू करून घे.

रक्त थांबलं गं! आसाईच्या फळांच्या गराबरोबर तळलेला मासा खाते. शेजारीण म्हणते, नवऱ्यानं जुनी झेनाइदे देऊन नवी आणली काय. झोप तेवढी फार येते. वाल्देसी मालाच्या बोटीवर आहे. येताना पिठाचं पोतं टाकून गेला, बहिणीची खुशाली विचारायला मात्र थांबला नाही. भाऊ कसला, वारा आहे.

आता ऐक. दोनदा पाळी चुकली. सकाळी ओकते. सुईणीनं पोट दाबून बघितलं आणि माझ्या गालाचा मुका घेतला. कुणाचा पाळणा हलत नव्हता गं? बस आता टोपडी शिवत. बाई लिहिता लिहिता रडतायत, शाई फिसकटली तर दोष त्यांचा.

तुझ्या गोळ्या एकही चुकवत नाही. अंगातलं रक्त बाळाला राहायला हवं ना.

जोएलला पापा. येऊन जा.
तुझी ताई

बेलेम, १७ जून

ताई, गोळी घेऊ नको. वाचणाऱ्यानं आधी एवढंच सांगावं. हातात असेल तर टाकून दे.

तुझं पत्र मिळालं तशी डॉक्टरबाईंकडं पळाले. सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बाळाचे हात, पाय, कान नव्या रक्ताच्या नळ्यांवरच धरतात. गोळीला आतडं कळत नाही, बाळ कळत नाही. मी विचारलं, उशीर झाला का. म्हणाल्या, झाला असेल, बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण आजच थांबवा आणि तिला इथं आणा. सिस्टरनं सांगितलं होतं, ताई. मी मनात म्हटलं, हिला कुठले दिवस जातायत.

मला यायचंय, पण जोएलला परत सलाईन लावलंय. तो माझा हात सोडत नाही. तू मला शिव्या घाल, कडू घाल, पण ये. एकटी बोटीत बसू नको.

ताईला अक्षर येत नाही. बाई सुट्टीवर गेल्या असतील तर हे कोण वाचतंय मला माहीत नाही. तुम्ही कुणी का असेना, उरलेल्या गोळ्या तिच्याकडून काढून घ्या. बाळाबद्दलचं तिला एकटीला ऐकवू नका, कुणीतरी तिच्याजवळ बसा. मग बंदरावर जा, तिथं फोन आहे. वाल्देसीचा नंबर पाकिटावर लिहिलाय. माझ्याकडून बंद लागतो. त्याची बोट तुमच्याच पट्ट्यात फिरते. लागेपर्यंत लावत राहा. म्हणावं माल टाक, ताईला घेऊन ये. तुमच्या पाया पडते, माझ्या भावाला फोन करा.